बासचा जयजयकार

आमच्या बँडची तबकडी जर्मनीत निघणार, हे कळल्यावर ज्यांनी ज्यांनी मला फोन केला त्या सगळ्यांना मी एकच सांगत सुटलो, की चौथ्या गाण्याचं नाव चुकलंय. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लोक अभिनंदन म्हणाले आणि पार्टी कधी ते विचारलं.

चूक काय ती सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही पॉलिटेक्निकची चौघं पोरं सोलापुरात रॉक वाजवायचो. अशा वाजवण्याला सायकेडेलिक म्हणतात हे आमच्या गावीही नव्हतं. आम्ही त्याला 'लांबवणं' म्हणायचो. आज किती लांबवायचं, एवढाच तालमीतला वादाचा मुद्दा असे. गिटारवाल्यानं जुन्या टेपरेकॉर्डरमधून आवाज घुमवायचं एक खोकं बनवलं होतं, ते एकदा चालू झालं की गाणं संपवायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच सुचायचं नाही. माझ्याकडे बास गिटार. पांढरीशुभ्र, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आलेली, आणि तिच्या तारा इतक्या जाड की बोटांना कायम फोड.

त्या वर्षी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांनी टॉवेल-चादरींचा महोत्सव भरवला होता. संध्याकाळी मोठा ऑर्केस्ट्रा होता, दुपारी स्टेज रिकामं होतं, म्हणून ते आम्हाला मिळालं. स्पीकरवाल्यानं हौसेनं सगळा कार्यक्रम कॅसेटवर घेतला. एक माइक स्टेजसमोर आणि एक लोकांमध्ये, बांबूला बांधलेला. पुढं आम्ही त्याच्या थोड्या सीडी काढून वाटल्या. त्यातली एक फिरत फिरत गोव्याला गेली, तिथून जर्मनीला, आणि आता तिथली एक छोटी कंपनी तेच रेकॉर्डिंग साफसूफ करून मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढते आहे. विसरलेले बँड शोधून काढणं हाच त्यांचा धंदा आहे म्हणे.

तर चौथ्या गाण्यात, आम्ही भरपूर लांबवल्यावर, लोक टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागतात, "बास की, बास की." सोलापूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुरे झालं, थांबा की आता. पण जर्मन लोक माझ्या वाद्याला बासच म्हणतात. राहता राहिला 'की'. त्याचं काय करायचं म्हणून कंपनीच्या माणसानं हिंदी येणाऱ्या कुणाला तरी विचारलं. त्या विद्वानानं सांगितलं, पुढं 'जय' असणार, टाळ्यांत बुडाला असेल. झालं. गाण्याचं नाव 'बास की', त्याखाली अर्थ 'बासचा जयजयकार', आणि आतल्या पुस्तिकेत माझ्यावर अख्खा परिच्छेद. विणकरांच्या या शहरात हजारो कामगार एका तरुण बासवादकाचा घोष करतात, कारण त्याच्या वाजवण्यात त्यांना आपल्या मागाचा ठेका सापडतो.

हजारो कसले, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बसलेल्यातले निम्मे सावलीसाठी आले होते. आणि मागाचा ठेका तर मुळीच नव्हता. वडील लूमवर होते, घरात चोवीस तास लूमच्याच गोष्टी, त्या आवाजापासून लांब पळायला मी बास हातात घेतली होती.

खरं घडलं ते असं. डोळे मिटून मी माझे तीन सूर फिरवत होतो. आधीच्या गाण्यातच एक फोड फुटला होता, पण ते नेहमीचंच. पहिल्यांदाच मला वाटत होतं की आपण चौघं काहीतरी खरं करतोय. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी "बास की" म्हणालं. मग शेजारच्यानं, मग मागच्यांनी, मग टाळ्या. मी थांबलो. मी थांबल्यावर ड्रमवाला थांबला, आणि गिटारवाल्याचं खोकं थोडा वेळ एकटंच घुमत राहिलं. पुस्तिकेत याला धाडसी शेवट म्हटलंय. स्टेजमागं वडील आले, माझ्या हातात त्यांच्या युनिटचा एक नॅपकिन कोंबला आणि सायकलकडे गेले. मला वाटलं, तोंड पूस म्हणतायत. त्यानंतर मी कधी स्टेजवर चढलो नाही. महिन्याभरात बास विकून टाकली. आज मी एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, आणि तो पहिला ओरडणारा माणूस इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसून आहे. मी त्याला चेहरा दिला होता, मिशा दिल्या होत्या, गालात तंबाखूसुद्धा दिली होती.

आता त्या माणसाच्या ओरडण्याला जयजयकार म्हणायचं? मी जर्मनीला मेल लिहिली. लोक आम्हाला थांबा म्हणत होते, असं स्पष्ट कळवलं. उत्तर आलं, तुमची विनम्रता आम्हाला फार भावली. दुसरी मेल लिहिली, तर म्हणाले, पुस्तिका छापायला जायच्या आत नेमका अर्थ एका ओळीत कळवा, बघतो. मी पुण्याला गिटारवाल्याला फोन लावला. तो आता फ्लॅट विकतो.

"अरे, राहू दे ना," तो म्हणाला. "तुझाच जयजयकार आहे, तुला काय खुपतंय?"

"आपल्याला हाकललं होतं रे तेव्हा."

"ते जर्मनीत कुणाला माहितीय?"

मला माहीत आहे, हे त्याला समजावता समजावता माझा फोन गरम झाला. बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "अहो, लोक खोटं कौतुक मिळावं म्हणून धडपडतात, तुम्ही मिळालेलं परत करायला निघालाय." घरात बाजू घेणारं कुणी नाही म्हटल्यावर मी आणखीच हट्टाला पेटलो.

मधल्या काळात कंपनीनं साफ केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. पंख्यांची घरघर गेली होती, कर्णा गेला होता, शेजारच्या स्टॉलवरचा भाव ओरडणारा गेला होता. कानात हेडफोन घालून मी चौथं गाणं लावलं, त्या मिशीवाल्याला एकदा नीट ऐकून घ्यावं म्हणून. ती जागा आली. पहिलं "बास की" एकट्याचं होतं. खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं. तो आवाज मी रोज सकाळी ऐकतो. चहा झाला का, असं तो विचारतो तेव्हा शेजारच्या घरात कळतं.

मी तसाच उठून पुढच्या खोलीत गेलो. वडील खाटेवर बसून टीव्ही बघत होते. लूमनं त्यांचे कान केव्हाच घेतलेत, त्यामुळं टीव्हीचा आवाज बसस्टँडवर असतो तसा. मी टीव्ही बंद केला, हेडफोन त्यांच्या एका कानावर चढवला, आवाज शेवटापर्यंत वाढवला आणि ती जागा लावली.

"अण्णा, हे कोन हाय?"

त्यांनी मान कलती करून ऐकलं. "मी की."

"तुमी?"

"व्हय. पुढंच बसलो हुतो की."

असल्या गोष्टीला माणूस निदान कचरतो, आढेवेढे घेतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. माझा आवाज चढला. तसाही त्यांच्याशी चढवूनच बोलावं लागतं, पण हा वेगळा चढला. "सगळ्या लोकांत पोराला बास म्हणलासा? का पन?"

"रगत येत हुतं की," ते म्हणाले.

"कुटं?"

"तुज्या बोटातनं. त्या पांढऱ्या गिटारीवर पार खालपतूर रगताचा वघळ आला हुता. तू डोळं झाकून वाजवतुयास, तुला कुटं दिसतंय? मला बघवंना. म्हणून म्हणलो."

"मग मला म्हणायचं हुतं. समद्या मांडवाला कशाला?"

"तुलाच म्हणलो की. हळू म्हणलो." आणि मग थोडं वैतागून, "लोकांनी उचाललं त्याला मी काय करू?"

हळू म्हणलो. उभा जन्म लूमच्या खडखडाटात एकमेकांना हाका मारलेल्या माणसाचं हळू. मला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही. मी एकदाही विचारलं नाही. नॅपकिन तोंड पुसायला नव्हता, हेसुद्धा मला आत्ता कळत होतं, आणि बास तर कुणाच्या तरी घरी जाऊन कधीच भंगार झाली असणार. जर्मनीला एका ओळीत काय कळवायचं? जयजयकार नव्हता, हे खरं. पण हाकललं होतं, हेही आता खरं राहिलं नव्हतं.

मी पुन्हा ती जागा लावली. त्यांच्या कानाला हेडफोन, आणि आवाज इतका मोठा की मलाही बाहेर ऐकू येत होतं. माझे तीन सूर, मग त्यांचा आवाज, मग टाळ्या. पुन्हा मागं नेऊन लावली. परत मागं नेली. मला त्यांच्याकडून काय हवं होतं कुणास ठाऊक. दरवेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि बटण दाबत होतो.

वडिलांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माझं मनगट धरलं.

"बास की," ते हळू म्हणाले, आणि आतून बायको काय झालं म्हणून बाहेर आली.