पित्त म्हणायचं अन् गप्प बसायचं

माझं तोंड फटकळ आहे, हे नांदेडात मला ओळखणारं कुणीही सांगेल. रिक्षावाल्यानं विष्णुपुरीच्या फाट्यावरच उतरवलं तर त्याच्या सात पिढ्या काढल्याशिवाय मी खाली पाय ठेवत नाही. शाळेत माझा आवाज फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत जातो, शेजारच्या वर्गातले सर वैतागून दार लावून घेतात. पण एक शब्द असा आहे, की त्याच्यापाशी हे तोंड शिवल्यासारखं होतं. तो शब्द मी दहावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते. फळ्यावर आकृती काढते, नावं देते, आणि मागच्या बाकावर कुणी फिदीफिदी हसलं तर 'त्यात हसायचं काय रे बावळटा?' म्हणून खडू फेकून मारते. घरी आले की तोच शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. पाळी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

माझं डोकं दुखतं. तसं सगळ्यांचंच दुखतं, पण माझं महिन्याच्या महिन्याला, पाळी यायच्या आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी. आधी डोळ्यापुढं चकमक सुरू होते, तळ्याच्या पाण्यावर ऊन पडल्यासारखी, आणि समोरच्या माणसाचं अर्धं तोंड दिसेनासं होतं. मग डाव्या डोळ्यामागं ठोके. उजेड सोसत नाही, फोडणीचा वास सोसत नाही, कुणी चमचा आपटला तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. भडाभडा उलटी झाली की जरा हलकं.

माहेरी, मुरुडला, माझ्या आईलाही हेच व्हायचं. सुंठीचा लेप लावून, जुन्या लुगड्याची पट्टी डोक्याला करकचून बांधून ती ओसरीच्या कडेला पडायची. बाजूला बसायचेच दिवस असायचे ते, म्हणून बिचारीला पडायला तरी मिळायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, पित्त झालंय. मी तेवढंच उचललं. शाळेत सगळ्यांना ठाऊक, मॅडमला पित्त लई. कुणी आवळासुपारी आणून द्यायचं, कुणी कोकम. एका सरांनी सांगितलं, उठल्या उठल्या थंड दूध प्या. ते मी वर्षभर प्यायले. पित्त नव्हतंच तर जाणार काय, कपाळ?

आता गोळ्यांचं सांगते. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी उठवायच्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, आंबील, वर टांगायचा फुलोरा, आणि सगळं सोवळ्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेतलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. मूळच्या उमरीकडच्या, कामाला वाघीण, मनानं वाईट अजिबात नाहीत. हळूच म्हणाल्या, "त्या वक्ताला तुझी अडचण येती का गं? गोळी घेऊन टाक. समद्याच घेतात."

समद्याच घेतात, म्हणून मीही घेतली. पाळी पुढं गेली, महालक्ष्म्या गोड झाल्या, सगळे खूश. मग काय, नणंदेचं लग्न आलं, गोळी. नवरात्र, गोळी. श्रावणातला सत्यनारायण, कुणाची घरभरणी, कुणाचं डोहाळजेवण, गोळी. माझी पाळी आमच्या घरच्या पंचांगावर चालायला लागली. आणि गोळ्या बंद केल्या की जी यायची ती डोकं फोडूनच यायची. हे मला कळत नव्हतं का? मी विज्ञानाची बाई, मला चांगलं कळत होतं. पण सांगायचं म्हणजे तो शब्द आला, मग गोळी आली, मग महालक्ष्म्या आल्या, मग आत्याबाई आल्या. त्यापेक्षा पित्त बरं.

गोळ्या आणायचा तर वेगळाच तमाशा. कॉलनीतलं मेडिकल माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं. मला बघितलं की उठून उभा राहतो, "या मॅडम, काय देऊ?" अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं. एकदा हिंमत करून गेले, तर बाजूला दोन पुरुष उभे. त्यांनी निघून जावं म्हणून मी इसबगोल घेतलं, मग बाम घेतला, मग उगाच खोकल्याचं औषध घेतलं. ते दोघं हलायला तयार नाहीत. शेवटी तेवढंच घेऊन परत आले. या पोरालाच मी तो धडा शिकवलेला, चांगले मार्कही दिलेले! तेव्हापासून मी दोन चौक सोडून, ओळखीचं कुणी नसलेल्या दुकानात जायला लागले. तिथला माणूस गोळ्या कागदात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, आणि माझ्याकडं न बघता पुढं सरकवायचा. चोरी केल्यासारखी मी ती पिशवी पर्समध्ये दाबायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, शाळा नुकती उघडलेली. फळ्यावर लिहिता लिहिता चकमक सुरू झाली. मागं वळले तर अर्धा वर्ग गायब. बोलायला गेले तर साधा 'खडू' शब्द आठवेना, डावा हात मुंग्यांनी भरलेला. पोरं हसली, मग हसायची थांबली. दाराबाहेर जाऊन उलटी केली ती सगळ्या वर्गासमोर. माझ्या ओकारीवर पोरींनी माती टाकली. 

मग आमचे हे मला मेंदूच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. आत्याबाईही हट्टानं आल्या. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ही अर्धशिशी आहे, मायग्रेन, पित्त नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाळीच्या आगेमागे दुखतं का? हार्मोनच्या काही गोळ्या चालू आहेत? पाळी पुढं ढकलायच्या वगैरे?"

एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की? विचारतो अशासाठी, की ज्यांना आधी असं चकमकायला होतं त्यांनी त्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. रक्ताची गाठ व्हायची भीती असते. एखाद्या वेळी अर्धांगावर जातं."

"नाही हो डॉक्टर, असलं काही नाही." वर हसलेसुद्धा. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि आम्ही जिना उतरलो. वाटेत आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "उन्हात फिरतीस फार." मी हो म्हटलं. एवढी शिकलेली बाई मी, अर्धांग व्हायला तयार झाले, पण नवऱ्यासमोर गोळीचं नाव घ्यायला नाही. लाज म्हणजे काय असते, ते मला त्या जिन्यावर कळलं.

महालक्ष्म्या आल्या, आणि माझी तारीख बरोब्बर त्यातच. आत्याबाईंनी विचारलं, "आणल्यास का?" आणल्या होत्या. पण डॉक्टरांचं ते अर्धांग डोक्यातून जात नव्हतं. मी घरात कर्ती, पोरगी चौदा वर्षांची, मी लुळी पडले तर तिचं कोण करणार? सांगायची हिंमत नव्हती आणि गिळायची भीती वाटत होती. म्हणून मी काय केलं, रोज गोळी काढायची आणि मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतायचं. पाकीट ओट्याच्या फळीवर ठेवायचं, आत्याबाईंना रिकामी घरं दिसतील असं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी पहाटे मला पाळी आली. मी कुणाला काही बोलले नाही. अंघोळ करून सोवळं नेसले, मुखवटे पुसले, थोरल्या महालक्ष्मीला साडी नेसवली, धाकटीला नेसवली.  देवीची भीती नव्हती वाटत, ते खोटं सांगणार नाही. बायकांची वाटत होती. दुसऱ्या दिवशी पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या, नैवेद्याचं ताट मीच वाढलं. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "औंदा पुरण लई सुरेख झालंय. हात शुद्ध आसला की देवाला बी पोचतंय." बायकांनी माना डोलावल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

संध्याकाळी हळदीकुंकू. त्याच्या आदल्या वर्षापासून यांनी महालक्ष्म्यांच्या मागं रंगीत लाईटच्या माळा लावायला सुरुवात केलेली, उघडझाप, उघडझाप. प्लग थोरलीच्या पाठीमागं. त्या लखलखाटात माझी चकमक सुरू झाली आणि थोरलीचा अर्धा मुखवटा दिसेनासा झाला. "पित्त झालंय जरा," म्हणून मी आतल्या खोलीत गेले, अंधार केला आणि कपाळावर ओला टॉवेल घेऊन पडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

थोड्या वेळानं दार ढकलून पोरगी आत आली. माझ्या शेजारी येऊन आडवी झाली, पाय पोटाशी घेऊन.

"मम्मी, माझं पण डोकं लई दुखून राहिलंय."

"दगदग झाली असेल. पाणी पी."

"तसं नाही. आधी डोळ्यापुढं चमचम झालं. आत्ता ती ताट घेऊन बसलेली काकू मला अर्धीच दिसली."

 मी उठून बसले. तिचं कपाळ गार, घामानं ओलं.

"पाळी...?" मी विचारलं. तेही अर्धवटच.

तिनं मान हलवली. "सकाळीच आलीय. मी कुणाला नाही सांगितलं. फुलोरा पण मीच बांधला, दिवे पण मीच ठेवले. तू पण नाही ना सांगितलं? तू गोळी मोरीत टाकत होतीस, मी बघितलं. म्हटलं मग असंच करायचं असतं."

बाहेर बायका हसत होत्या, बांगड्या वाजत होत्या, दार अर्धवट उघडं होतं. आणि माझ्या तोंडातून, दरवर्षी खडू फेकणाऱ्या या तोंडातून, पहिला शब्द कोणता निघाला?

"हळू बोल."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. डोळे दुखत होते तिचे, तरी बघितलं. "हळूच तर बोलले मम्मी," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

ती काही रुसून बोलली नव्हती. खरंच हळू बोलली होती ती, शेजारी पडलेल्या मला जेमतेम ऐकू यावं एवढंच. एवढं हळू बोलायला तिला कुणी शिकवलं होतं? तिच्या मुरुडच्या आजीनं नाही, आत्याबाईंनी नाही. मीच. आई माझी ओसरीत पडायची तेव्हा निदान अख्ख्या गल्लीला कळायचं. माझ्या पोरीला दुखलं तरी आता कुणालाच कळणार नव्हतं. उद्या हीसुद्धा दोन चौक सोडून काळी पिशवी आणेल, आणि डॉक्टरसमोर हसून नाही म्हणेल, आणि एखाद्या दिवशी...

मी उठले. भिंतीला धरून बाहेर आले. खोलीत बायका भरलेल्या, व्हरांड्यात आमचे हे आणि चार पाहुणे. माळा उघडझाप करत होत्या, प्रत्येक उघडझापीला डोळ्यामागं घण बसत होता. आत्याबाई एका बाईची ओटी भरत होत्या.

"आत्याबाई, नातीला पाळी आलीय. तिचं डोकं फुटायची वेळ आलीय. आणि मला कालपासून आलीय. मी गोळ्या घेतल्या नाहीत, आणि इथून पुढं घेणार नाही. डॉक्टरांशी मी खोटं बोलले."

वर्गातला आवाज लागला होता.  एका बाईनं हातातली पुरणपोळी अलगद ताटात परत ठेवली. माझे कान, मान, सगळं अंग लाजेनं जळत होतं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही, कुणाला वाटत असेल तर वाटो. भर खोलीत कुणी नागवं केल्यासारखं वाटलं, आणि ते मीच केलं होतं.

आत्याबाईंनी आधी व्हरांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तांदळाची ओंजळ तशीच हवेत.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. रागानं नाही, घाबरून. अगदी मी म्हटलं होतं तस्संच.

मागं दार वाजलं. पोरगी दोन्ही हातांनी डोकं धरून उंबऱ्यात उभी होती, आता आई काय करते ते बघत.

"आधी त्या माळा बंद करा," मी म्हटलं. "पोरीला उजेड सोसंना."

कुणी उठलं नाही. प्लग थोरलीच्या पाठीमागं, आणि सगळ्या बायका माझ्या हातांकडं बघत होत्या. मीच पुढं झाले, थोरलीच्या खांद्याला धरलं, साडीच्या निऱ्यांवरून हात आत घातला आणि प्लग ओढून काढला.