वीतभर उंचीवरचा कापूस

नाशिकहून जव्हारची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दुर्बीण, लाल कागद लावलेली विजेरी, दोन शाली आणि एक तक्ता होता. तक्त्यासाठी मी महिनाभर खपले होते. माझी थोरली बहीण, ताई, रिकाम्या हातांनी खिडकीशी बसली होती.

ताईच्या नजरेचा मधला भाग विझत चालला आहे. समोरच्याच्या कानाकडे पाहिले, तर त्याचा चेहरा तिला कडेने जरासा दिसतो. म्हणून ती बोलताना माझ्या कानाकडे बघते आणि माझी उगाच चिडचिड होते. यंदा तिने एकच मागणी केली होती. ‘अप्पा दाखवायचे तो कापूस अजून एकदा बघायचाय.’

अप्पा, आमचे वडील, मोखाड्याला दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचा ‘कापूस’ म्हणजे नरतुरंग नक्षत्रातला तारकागुच्छ. लाखो ताऱ्यांचा गोळा, पण नुसत्या डोळ्यांना दिसतो तो एक पुसट ठिपका. आमच्याकडून तो दक्षिणेला फार खाली असतो. हात लांब करून क्षितिजावर वीत धरा. त्याची चढाई तेवढीच. मे महिन्यात तो रात्री दहालाच तिथे पोचतो, पण तेव्हा हवा गढूळ. जानेवारीत पहाटे दिसतो, पण ती थंडी ताईला सोसत नाही. चंद्र तर नकोच. उरली माघ अमावास्या. गुच्छ साडेतीनला सर्वांत वर, साडेपाचनंतर उजाडणार. मध्ये दोन तास. तक्ता चोख होता.

मोखाडा मागे पडला. दवाखान्याचा चढ कुठे गेला ते मला कळले नाही. ताईने मात्र नाक वर केले.

“राब भाजतायत गं,” ती म्हणाली.

राब म्हणजे भात-नागलीची रोपे टाकायची जागा. पाला, फांद्या, शेण पसरून ती भाजतात. लहानपणी त्या वासातच आम्ही शाळेत जायचो. तक्त्यात मी चंद्र घेतला, उंची घेतली, उजेड घेतला. राब विसरले!

जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर (वस्तीवर) जानकीबाईंकडे उतरलो. सोय एका ओळखीच्या शिक्षिकेने करून दिली होती. अंगणातून दक्षिणेकडे बघितले तर डोंगर दिसेना. जिकडेतिकडे निळसर धूर.

“आजचा दिवस भाजणं थांबवता नाही येणार का?” मी विचारले. बोलल्यावर मलाच लाज वाटली.

जानकीबाई हसल्या. “वारा पडला, तवाच काडी लावायची बाय. वाऱ्यात लावली तर रान जाईल. तुमचा तारा काय उद्या पळून जातो का?”

“तारा नाही पळणार,” ताई म्हणाली. “माझे डोळे पळतायत.”

जानकीबाईंनी आम्हाला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि कुळथाची आमटी वाढली. भाकरी अर्धी झाल्यावर म्हणाल्या, “साडेतीनला जाऊ नका. जरा उशिरानं जा. गारठा पडला का धूर दरीत बसतो. वरच्या माळावर मी नेते. तिथनं धूर पायाखाली.”

उशीर म्हणजे गुच्छ उतरायला लागणार. पण माझ्या तक्त्यापेक्षा त्यांची दरी मोठी होती. मी ऐकले.

साडेचारला माळावर पोचलो. खाली दरी धुराने भरलेली, वर आकाश धुतल्यासारखे. मी डोळे ताणून बघितले. काही नाही. दुर्बीण लावली, थंडीने हात कापत होते, तारे नुसते नाचत होते. मिनिटे चालली होती.

“दिसला,” ताई म्हणाली.

मला वाटले, माझ्या समाधानासाठी म्हणते आहे. “कुठे? नीट सांग.”

“खाली ते दोन ठळक आहेत ना, मित्र आणि मित्रक? त्यांच्या वर, जरा उजवीकडे. तू थेट बघतेयस. अप्पा काय म्हणायचे? रोखून बघितलंस तर तो लपतो, शेजारच्याकडे बघ.”

मी दुर्बीण तिथे नेली, कोपर जानकीबाईंच्या खांद्यावर टेकवले. होता. पिंजलेल्या कापसाचा गोळा, अगदी तसाच.

“मलाबी दावा,” जानकीबाई म्हणाल्या. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला. “यवढ्यासाठी नाशिकवरनं आलात? बरा हाय पण.”

पाऊण तास आम्ही तिथे होतो. ताईने दुर्बीण एकदाही मागितली नाही.

परतीच्या एसटीत मी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि त्यात ‘राब, वारा, दरी’ लिहिले. ताई काहीतरी सांगत होती, अप्पांच्या सायकलचे. मी मान वर केली. ती माझ्या कानाकडे बघत होती. मी हलले नाही. तिला माझा चेहरा दिसत होता.