तिसरी खिडकी

खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, तो डोळ्यांजवळ नेऊन निरखायचा आणि म्हणायचं, “अजून एकदा बघू.” असा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. आमच्याकडे होता. त्या अंगठ्याचा मला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा आला.

माझं दुकान स्वारगेटजवळ आहे. गाड्यांच्या काचांचं रबर, फटी बुजवायचा सीलंट, चिकटपट्ट्या असला माल. तो अंगठा काकांचा. काका माझे शेजारी आणि गिऱ्हाईकही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत पलंग आणि छोटा ओटा करून घेतला आणि ती पार्किंगच्या टोकाला उभी केली. हेतू चांगला होता. काकूंची मोठी बहीण, अक्का, गडहिंग्लजला असते. कंबरेच्या दुखण्यामुळे तिला बसमध्ये बसवत नाही. तिला या गाडीत झोपवून आंबोलीवरून वेंगुर्ल्याला न्यायचं, समुद्र दाखवायचा. अक्कांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

निघायच्या आधीच तिसरी खिडकी गळली आणि सगळं तिथेच अडकलं.

काकांनी रबर काढलं, जुना सीलंट खरवडला, नवा भरला. काम वाईट नव्हतं. पण मग त्यांना पाचवीचा संशय आला. मग दुसरीचा. चांगलं घट्ट बसलेलं रबर त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटलं आणि नवीन बसवलं, की ते कुठेतरी पाझरायचंच. मग पुन्हा माझ्या दुकानात.

दर रविवारी परीक्षा असायची. काकू आत पलंगावर वर्तमानपत्रं पसरून बसायच्या. काका बाहेरून नळीने काचांवर पाणी मारायचे.

“आलं का?”

“नाही.”

“नीट बघ.”

“बघितलं हो.”

पाणी बंद. अंगठा. “अजून एकदा बघू.”

त्या गाडीतून काकूंनी केलेला प्रवास एवढाच. काचेवरून पाणी ओघळतंय, आणि बाहेर तेच पार्किंग, त्याच स्कूटर.

अशी चार वर्षं गेली. मधल्या काळात अक्का विसरायला लागल्या. आधी भाजीत मीठ, मग शेजारणीचं नाव, मग सुनेचं. काकू एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, “मला ओळखतेय तोवर जायला हवं गं.” रडल्या वगैरे नाहीत. नुसत्या काउंटरवरचा रबराचा तुकडा वाकवत बसल्या.

मी काकांना गाठलं. “काका, गडहिंग्लजला जायचंय. चंद्रावर नाही.”

“ताई, आंबोलीचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. गादी भिजली तर अक्का झोपणार कुठे?”

“खाली पातेलं ठेवा.”

“पातेलं,” ते म्हणाले. त्यांची सगळी नोकरी मी त्या पातेल्यात घातल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पुढच्या वेळी मी रबर दिलं नाही. समोर गुंडाळी लटकत होती. “संपलंय,” मी म्हटलं.

“हे काय मग?”

“हे जाणाऱ्यांसाठी आहे.”

ते गेले आणि दुसऱ्या दुकानातून घेऊन आले.

त्यानंतरच्या रविवारी मी खाली स्कूटर पुसत होते. नळी चालू होती. “आलं का?” काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, “नाही.” काका आत गेले, वर्तमानपत्र उचललं, उजेडात धरलं. कोपरा ओला होता. थेंब काकूंनी पदराने टिपला होता, पण कागद बोलला.

“तू खोटं सांगितलंस मला,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. दुखावला होता, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. बाईला एका थेंबासाठी चोरासारखं पदर लपवावा लागतो, आणि दुखावणार हे.

काकू पदराचं ओलं टोक पिळत म्हणाल्या, “कागदं बदलते.”

सोमवारी काकांनी ती तिसरी खिडकी परत उघडली आणि बुधवारी पुन्हा नळी लावली. आत ताजी वर्तमानपत्रं होती, दार ओढलेलं होतं.

“आलं का?”

उत्तर नाही.

“अगं, आलं का?”

मी काकूंना स्वारगेटला बसमध्ये बसवून नुकतीच परतले होते. काकांना कळलं नाही, कारण ते खिडकीकडे बघत होते. माणसाकडे नाही. मी नळ बंद केला. “त्या गडहिंग्लजला गेल्या.”

काकांनी दार उघडलं. रिकाम्या पलंगावरची कोरडी वर्तमानपत्रं बघितली. “पण अजून एकदा...” एवढंच म्हणाले. वाक्य पुरं करायला मला मदत करावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगचं टोक रिकामं होतं. जमिनीवर सीलंटची अर्धी नळी आणि खरवडायची पाती पडली होती. रात्री पुन्हा उघडलेल्या तिसऱ्या खिडकीचं काम अर्धवट टाकून, काच चिकटपट्टीवर तोलून हा माणूस निघाला होता. मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. मला संताप आला. म्हणजे जाता येत होतं.

ते दोघं परत आले नाहीत. अक्कांना सोबत हवी म्हणून तिथेच राहिले. फ्लॅट भाड्याने दिला, गाडीच्या जागेवर आता भाडेकरूची मोटार असते.

एकदाच काकांचा फोन आला. वेंगुर्ल्याहून.

“काकूंना ओळखलं अक्कांनी?” मी आधी तेच विचारलं.

“पहिल्या दिवशी ओळखलं. घट्ट धरून ठेवलं होतं. आता, ही बाई चांगली आहे, म्हणतात.”

बोलले असते तर वाईट बोलले असते.

“मला ड्रायव्हर समजतात,” काका म्हणाले. “सारखं विचारतात, गाडी कधी सुटणार.”

“बरोबर विचारतात.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “आंबोलीत फार पाऊस होता. तिसरी गळली. पातेलं ठेवलं, पण अक्कांनी ते बाजूला केलं. खाली हात धरून बसल्या. थेंब पडला की हिला दाखवायच्या. दोघी हसत होत्या. ताई, परतीच्या वाटेआधी ती भरून घ्यावी म्हणतो. इथे दमट हवा आहे, कुठला सीलंट चालेल?”

“हात लावू नका,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.