नवे बूट

आमचे हे दुबईत गोदामांची छपरं दुरुस्त करायचे. मी तिथे करामा भागात मुलाकडे राहायला आले, तेव्हा ह्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

उन्हाळाभर छपरावर वाळू साचते आणि पन्हळी बुजतात. थंडीत चार दिवस पाऊस पडतो आणि पाण्याला वाट राहत नाही. हे दर वर्षी मॅनेजरला सांगायचे, आधी साफ करून घेऊ. तो म्हणायचा, "पाऊस येऊ दे, मग बघू. इन्शाल्ला."

त्या वर्षी पाऊस आला. इन्व्हेस्टमेंट्स पार्क म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका गोदामात माल भिजायला लागला. मॅनेजर यल्ला यल्ला, लवकर चढा, म्हणून ओरडत होता. शिडीखालून ह्यांनी मला फोन केला. डबा उघडायला वेळ नाही, भात परत आणतो, एवढंच सांगायचं होतं. मग म्हणाले, "नवे बूट दिलेत गं. चिखलात सटकतात."

मी म्हटलं, "मग काढा की. छपरावर चढताय की लग्नाला निघालाय?"

हसले. "तू शिडी धरायला ये मग," म्हणाले.

गावी शाकारणीला मी शिडी धरायची. आमच्याकडे छपरावर कोणी वहाण घालून चढत नाही. अनवाणी पायाला खालचा वासा कळतो, कौल फुटत नाही. मी तेच बोलले.

पण कौल खडबडीत असतं, पाय धरून ठेवतं. ओला पत्रा धरत नाही. पन्हळीतली वाळू उपसायला वाकले आणि घसरत कडेवरून खाली गेले. इस्पितळात पोचेपर्यंत खलास.

बूट शिडीपाशी सापडले, आत मोजे नीट घडी करून ठेवलेले. डब्यातला भात तसाच होता. कंपनीने कागदावर लिहिलं की बूट घातले नव्हते, चूक त्यांचीच. मुलगा खूप भांडला. पन्हळी वेळेवर साफ केल्या असत्या तर चढावंच लागलं नसतं, म्हणाला. ते खरंच आहे. पण कागद बदलला नाही.

अजूनही थंडीत आभाळ भरलं की तो विचारतो, "आई, इतकी वर्षं बूट घालून चढले. त्याच दिवशी का काढले असतील?"

मी म्हणते, मला काय माहीत.

मला माहीत आहे. त्याला तोंडाने सांगणं मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. त्याला मराठी वाचता येतं.