पेटी वजा, गवत वजा

१२ जुलै २००३, शनिवार. बंडीच्या आतल्या खिशात सोळा हजार नऊशे रुपये घालून हुसेन बागवान कसब्यातल्या घरातून निघाले. तयार संगणक दुकानात बावीस हजारांना होता. "सुटे भाग आणू, मी घरी जोडते," असे लेकीने, रझियाने, सुचवले होते. दोन दिवसांत ती कल्पना हुसेनभाईंची स्वतःची झाली होती.

घाई मात्र रझियाची होती. छापखान्याचे आप्पासाहेब तिला म्हणाले होते, "सोमवारी दुपारपर्यंत ही वीस पानं टाइप करून फ्लॉपीवर आणा. जमली तर घरबसल्या बारमाही काम. नाहीतर दुसऱ्या एक बाई थांबल्यात."

मंडईत हुसेनभाईंचा फळांचा गाळा. तीस वर्षे माल घेताना पेटीचे वजन वजा, गवताचे वजन वजा, उरेल त्याचेच पैसे. बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातही त्यांनी हा नियम सोडला नाही. मॉनिटर जुना घेतला, कीबोर्ड कलिंगडासारखा वाजवून घेतला. शेवटी प्रोसेसरसाठी ते श्रीधर आगाशे यांच्या दुकानात शिरले.

"चार हजार चारशे पन्नास," श्रीधर म्हणाले.

"खोक्यात काय काय आहे?"

"प्रोसेसर आणि त्याचा पंखा."

"पंखा काढा. किती कमी होतात?"

"साडेतीनशे. पण तो लागतो."

"आमच्या घरी आहे की! छताला. झकास चालतो."

श्रीधरनी चष्म्यावरून एकदा पाहिले. गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांच्या दुकानाची रीत नव्हती. त्यांनी पंखा काढून ठेवला.

संध्याकाळी रझियाने पुस्तिका वाचत एकेक भाग बसवला. मध्येच थांबून म्हणाली, "अब्बा, इथे पंखा दाखवलाय."

हुसेनभाईंनी वर बोट केले. बिचारीने टेबल पंख्याखाली सरकवले. बटण दाबले, पडदा उजळला, हुसेनभाईंचा हात मिशीकडे गेला आणि सगळे बंद पडले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

"अहो, पंखा पाचवर करा," मुमताज नवऱ्याला म्हणाल्या.

"पाचवरच आहे."

"मग टेबलच छताला टांगू या."

रझिया हसली नाही. आत प्रोसेसरला बोट लावून तिने चटकन मागे घेतले, आणि न टाइप केलेल्या वीस पानांकडे बघत बसली. हुसेनभाईंनी संगणकाचा डबा उचलून खांद्यावर घेतला. रझिया वायर घेऊन मागोमाग निघाली.

श्रीधर शटर ओढत होते. "काय हुसेनभाई, छताचा पंखा बिघडला वाटतं?"

"जळलाय का, तेवढं सांगा." मंडईत घुमणारा आवाज पार खाली आला होता.

श्रीधरनी पंखा बसवला, दुकानातल्या मॉनिटरला वायर जोडली. पडदा उजळला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. हुसेनभाई पडद्याकडे पाहायचे सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडेच पाहत होते.

"वाचलाय. नशीब तुमचं. साडेतीनशे."

हुसेनभाईंनी घासाघीस केली नाही. मंडईत कोणाला सांगितले तर खरे वाटायचे नाही. पण खिशात उरले होते दोनशे.

"बाकीचे सोमवारी देतो."

श्रीधरनी 'उधारी बंद' या पाटीकडे बोट दाखवले. मग रझियाकडे पाहिले आणि दिवा मालवला. "सोमवारी म्हणजे सोमवारी."

सोमवारी अकरा वाजता फ्लॉपी आप्पासाहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी दोन चुका काढल्या आणि पुढची साठ पाने रझियाच्या हातात ठेवली.

त्याच दुपारी हुसेनभाई श्रीधरकडे गेले. हातात एकशेचाळीस रुपये.

"दहा कसले कमी?"

"खोक्याचे. तुम्ही पंखा खोक्याशिवाय दिलात."

श्रीधरनी नोटा परत केल्या. "पूर्ण आणा."

तेव्हापासून दर सोमवारी हुसेनभाई एकशेचाळीस रुपये नेतात आणि तसेच परत आणतात. रझियाचे काम चालू आहे, पंखाही चालू आहे. श्रीधर आगाशे यांचे दीडशे रुपये देणे बाकी आहे.