हलकी बाजू

चर्चच्या दारात आले की आबा थांबायचे. काठी डाव्या हातात घ्यायचे, उजवा तळवा कपाळावर आडवा धरायचे आणि शेतातलं पीक पाहावं तसे आतल्या बाकांच्या दोन्ही रांगा न्याहाळायचे. मग मला विचारायचे, "ड्रायवरसाहेब, हलकी बाजू कुठली?"

मी डावी किंवा उजवी सांगायचो. आबा त्या बाजूला जाऊन बसायचे. एवढंच त्यांचं काम, आणि तेही त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत आमची घरं शेजारी शेजारी. आबा नगरचे, मराठी ख्रिस्ती. तिथल्या मार्केट यार्डात त्यांनी जन्मभर तोलारी केली, कांद्याच्या गोण्या तोलल्या. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. शनिवार-रविवारी मुलगा आणि सून दोघंही शिफ्टला, म्हणून त्यांना चर्चला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्याचा, देवळात जाणारा, तेही सणासुदीला. पण गाडी चालवायला धर्म लागत नाही.

चर्च जुनं, निळसर काळ्या दगडाचं, इथे आलेल्या पहिल्या इंग्रज शेतकऱ्यांनी बांधलेलं. आसपासच्या बऱ्याच घरांतली लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी अजून तिथेच होतात. रविवारच्या उपासनेला सगळेच जातात. आबा मात्र या सगळ्यालाही जायचे. अनोळखी माणसांकडे, बिनबोलावता. नात विचारायची, "आबा, डू यू ईव्हन नो देम?" आबा म्हणायचे, "आता होईल की ओळख. बसायला काय लागतंय?"

तिथे लग्नाला मुलीकडचे डावीकडे बसतात, मुलाकडचे उजवीकडे. आपल्याकडेही दोन बाजू असतात, पण त्या पंगतीत मिसळून जातात. इथे नवरी मधल्या वाटेने हळूहळू चालत येते, आणि कुणाची माणसं किती ते साऱ्यांना दिसतं. तुम्हीही परदेशातली लग्नं पाहिली असतील. पण तिकडे आपण कपडे पाहतो, फुलं पाहतो. रिकामे बाक कोण पाहतं?

पहिलं वर्षभर मी बाहेर गाडीत बसून राहायचो. मग एका जानेवारीत ऊन इतकं तापलं, की स्टिअरिंगला हात लावता येईना. श्रद्धेने नाही, घामाने मला आत नेलं, हे खरं ते सांगतो. त्या दिवशी एका फिलिपिनो नर्सचं लग्न होतं. उजवीकडे मुलाचं भलंमोठं ऑस्ट्रेलियन खटलं, डावीकडे तिच्या वॉर्डातल्या तीन मैत्रिणी. घरच्यांना व्हिसा मिळाला नव्हता. आबा तपकिरी कोट घालून डावीकडे दुसऱ्या बाकावर बसले आणि नवरी आत आली तेव्हा घरच्या माणसासारखे डोळे पुसू लागले. नंतर मुलाच्या मावशीने विचारलं, तुम्ही मुलीचे आजोबा का? आबांना इंग्रजीत दोनच गोष्टी येत: 'येस येस' आणि 'गॉड ब्लेस'. त्यांनी दोन्ही म्हटल्या. लगेच त्यांना ओढून फोटोत उभं केलं. असे ते कितीतरी अल्बमांत आहेत. मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटत असतील, मुलाकडच्यांना मुलीकडचे.

संत वगैरे नव्हते हं. गाणी सुरात म्हणत नसत; चाल तीच, शब्द मराठी आणि आवाज सगळ्यांच्या वर. चहाबरोबरचे सँडविच रुमालात बांधून आणायचे. बाप्तिस्म्याला पाद्री बाळाच्या कपाळाला ओली बोटं लावायचा, तर आबा माझ्या कानात कुरकुरायचे, "एवढ्याशा पाण्यानं काय व्हतंय? धरण आटलंय का ह्यांचं?"

अंत्यविधीला मात्र विनोद नसायचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मयताला त्याची एक पुतणी तेवढी आली होती. आबा तिच्या मागच्या बाकावर बसले, दफनभूमीपर्यंत आले आणि खड्ड्याशी वाकून मूठमाती दिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी घुटमळलो, तर म्हणाले, "दे की. मातीला काय ठाव तू कुठला?" मीही दिली. घरी येऊन अंघोळ केली, आणि अंघोळ केल्याची लाज वाटली.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. आबा कायमचं नगरला जायचं म्हणत होते. हृदय कमजोर, वय झालेलं. "दादा, तुमचं ऐकतात ते. तुम्ही समजवा," असं तो दोनदा म्हणाला. सून दारातच उभी होती. "तिकडे त्यांना पाणी द्यायला कोण आहे?" मी शब्द दिला.

पुढच्या शनिवारी, चर्चमधून निघताना, पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी सुरुवात केली. हॉस्पिटल जवळ आहे, नातवंडं आहेत, एवढ्या वर्षांनी इथे कायमचं राहायचा पीआर मिळाला आहे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "म्हातारीला नगरच्या मातीत ठेवली, तवाच शेजारची जागा धरून ठेवलीय मी. हितं पोरगं हाय, सून हाय, नातवंडं हायती, तू हायस. तिकडं ती एकटी." मग तळवा कपाळावर न धरताच त्यांनी विचारलं, "सांग, हलकी बाजू कुठली?"

मी गाडी सुरू केली.

त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, त्यांना जाऊ द्या. सून म्हणाली, "तुम्हाला समजवायला पाठवलं होतं, दादा." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना समोरासमोर आलो, की पाठ फिरवून आत जायची.

आबा गेले, आणि पाच-सहा महिन्यांत नगरला वारले. मुलगा मूठमातीपुरता पोहोचला. इथे असते तर वाचले असते का? डॉक्टर ठाम काही सांगत नाहीत, आणि मला विचारणं सोडवत नाही. त्यांना हवं ते झालं हे मला कळतं. पण शब्द एकाला दिला आणि मोडला दुसऱ्यासाठी, हेही कळतं.

त्याच आठवड्यात इथल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी छोटी प्रार्थना ठेवली होती. मुलगा अजून नगरलाच होता. मी आणि बायको दारात उभे राहिलो. चहा करणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका, ती नर्स आणि तिचा नवरा, आणखी थोडी माणसं. सगळी भिडस्तपणे मागे बसलेली. पुढच्या बाकावर सून आणि दोन मुलं. तिच्या शेजारच्या जागेवर तिची पर्स.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या वाटेने चालत पुढे गेलो आणि बाकाच्या टोकाशी थांबलो. सुनेने मान वर केली.

मग तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.