साहेबाची ढेप

मेडशीचे कंपाउंडरकाका सकाळी भेटलेल्या माणसाला 'चहा झाला का' असं कधी विचारत नसत. ते विचारत, "मुतला का बरोबर?" गुरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. कुणी बैल घेऊन आला आणि तो काय खातो ते सांगू लागला, की काका त्याला मधेच तोडत. "खाते काय ते नोको सांगू. खाऊ घालनं तुया हातात हाय. मुतते कसा ते सांग." निवृत्त झाले तरी प्रश्न तोच राहिला. दूधवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, आणि मी खोली बघायला गेलो त्या दिवशी मलाही.

मी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला आलो होतो. समुद्राकाठचा माणूस, आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून काम नेईल तिकडे जातो. मेडशीत दोघांनी मला खोली नाकारली होती, कारण पिशवीत आईने दिलेले सुके, खारवलेले बांगडे होते आणि तो वास काही लपत नाही. काकांनी पिशवीकडे बघून नाक मुरडलं. म्हणाले, "शिजव. पन दार लावून शिजव, कोकण्या." एवढ्यावर खोली मिळाली. त्या दिवसापासून मला एकच धास्ती, की आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि हे घर सुटेल.

काकू वारलेल्या, मुलगी पुण्याला. घर बदलताना तिने आपला लांब केसांचा पांढरा बोका थोडे दिवस म्हणून इथे आणून सोडला, तो राहिलाच. तिने त्याचं नाव कोको ठेवलं होतं. काकांनी ते साहेब केलं. "जिंदगीभर साहेबाच्या हाताखाली काम केलं. रिटायर झालो, तं साहेब घरीच रायाले आला." साहेब खुर्चीवर बसे आणि काका खाली चटईवर.

साहेबाने काय खावं, यावरून बापलेकीचं फोनवर रोज वाजे. तिने पाठवलेल्या कोरड्या दाण्यांच्या पोत्यात हात घालून काका म्हणाले, "हे तं ढेप होय, गुराची पेंड! ढेप देल्ली का जनावराले पानी डबल लागते. अन् तुया साहेब पान्याच्या वाटीत नुसतं तोंड पाहून राह्यला." मग तिने माशांची चित्रं असलेले डबे पाठवले. तेही काकांना पटेनात. कधी भरलंय कुणास ठाऊक, म्हणत त्यांनी ते फडताळात रचून ठेवले. मग तिने कुठेतरी वाचलं, की कच्चं मटण सगळ्यात चांगलं, मांजराच्या जातीला तेच मानवतं. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "बाई, बकऱ्याच्या कलेजीत मी काय काय वळवळताना पाह्यलं, ते तुले जेवताना सांगू का?" तिने फोन ठेवला. शेवटी साहेबाने स्वतःच निकाल लावला. तो फक्त ढेप खाई.

फक्त ढेप, असं काका समजत. मी संध्याकाळी कामावरून आलो, की साहेब जिन्याने माझ्या खोलीवर येई. दार लावून मी बांगडा भाजायचो आणि तो समोर बसायचा. एक तुकडा मला, एक त्याला. दिवसभर डांबराच्या धुरात एकटा असणाऱ्या माणसाला समोर कुणी जेवायला असलं, की बरं वाटतं. गावाकडे मांजरं मासळीवरच वाढतात, यात काही वावगं असेल असं मनातही आलं नाही. आणि काकांना सांगितलं नाही ते एवढ्यासाठी, की ते नको म्हणाले असते.

एका रविवारी सकाळी साहेब मातीच्या घमेल्यात पुन्हा पुन्हा बसू लागला. बसे, ओरडे, उठे, आणि माती कोरडीच. काकांनी त्याच्या पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुंबला बे. लिंबावानी टनक लागून राह्यलं." टोमॅटोच्या कॅरेटमध्ये साहेबाला ठेवलं, वर दुसरं कॅरेट बांधलं आणि आम्ही वाशीमची एसटी धरली.

कंडक्टर म्हणाला, "काका, याचं तिकीट?"

"साहेबाचं हाफ फाड. तो मुतला, का तुले फुल देतो."

सगळी गाडी हसली. काका मात्र कॅरेटच्या फटीतून बोटं घालून साहेबाचं पोट चाचपत होते. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "तू काही खाऊ घालत होता का याले?"

"नाही," मी म्हणालो. आजवर मी खोटं बोललोच नाही असं नाही, पण एवढं जड कुठलंच गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी नळी घालून साहेबाला मोकळं केलं. म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर हाती लागला नसता. नुसतं कोरडं खाणं, पाणी पीत नाही. आता पातळ खाणं द्या, खारट काही नको. खारट म्हटल्यावर मी जमिनीकडे बघितलं. परतीच्या गाडीत साहेब झोपला होता. काका हळूच म्हणाले, "त्याच्या मिशीले बांगड्याचा वास येत होता रोज. आता साहेब का समुद्रावर जाऊन येत होता?"

मला रडू आलं. म्हणालो, "काका, मी उद्या खोली सोडतो."

"कायले? एकट्यानं घास उतरत नाई, हे मले समजते. माह्या बी उतरत नाई. उद्यापासून खाली येऊन जेवत जाय."

त्या दिवसापासून आम्ही तिघं ओसरीवर जेवायला लागलो. फडताळातले डबे निघाले. काका डब्यातला गोळा तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत धरत, मग त्यात कोमट पाणी घालून कालवत. कधी बिनमिठाची उकडलेली कोंबडी. ढेप चवीपुरती, चार दाणे. वाटीशी उकिडवे बसून म्हणत, "घे ना साहेब, थंडं होऊन राह्यलं." मग माझ्याकडे बघून, "अन् तू बे? पानी पेला का?" आई सोडून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

रस्ता झाला. मी निघालो तेव्हा एसटीच्या फाट्यावर काका साहेबाला काखेत घेऊन आले होते. आता मी राजस्थानात आहे. इथे माझी भाषा बोलणारं कुणी नाही. दर रविवारी काकांना फोन करायचो. या उन्हाळ्यात तीन रविवार फोन लागला नाही.

परवा त्याच नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. "बाबांच्या फोनमध्ये कोकण्या म्हणून नंबर आहे, तो तुमचाच ना? बाबा गेले हो." मग म्हणाली, "कोकोला पुण्याला आणलंय. दोन दिवस तो काही खात नाहीये. कोरडं दिलं, डबा फोडला, कच्चं चिकनसुद्धा दिलं. बाबा काय द्यायचे?"

मी तळहाताचं सांगितलं, कोमट पाण्याचं सांगितलं. तिने केलं. साहेबाने नाही खाल्लं. मी म्हणालो, "ताई, फोन वाटीजवळ धरा." आणि माझ्या कोकणी जिभेने जमेल तसं म्हणालो, "घे ना साहेब, थंडं होऊन राह्यलं."

काहीच ऐकू आलं नाही. मी परत म्हणालो. मग वाटी फरशीवर थोडीशी सरकल्याचा आवाज आला, आणि चाटल्याचा. पलीकडे ती रडत होती.

फोन ठेवल्यावर मी उठलो आणि माठातलं तांब्याभर पाणी प्यायलो. कुणी विचारलं नव्हतं.